लूप अडत होता, तो असा सुटला

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या कमांडर फॉरमॅटसाठी (खेळाच्या एका प्रकारासाठी) मी 100 कार्डांचा डेक बांधला होता. बेत असा, की ‘आयसोक्रॉन सेप्टर’ या कार्डावर ‘ड्रॅमॅटिक रिव्हर्सल’ हे कार्ड इम्प्रिंट करायचं, म्हणजे त्याला जोडून ठेवायचं, आणि दोन मॅना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) देऊन त्याची कॉपी पुन्हा पुन्हा खेळायची. पण दुसऱ्या फेरीतच गाडी अडायची. शेवटी कार्ड शांतपणे वाचलं. रिव्हर्सलने लँड (मॅना देणारी जमिनीची कार्डं) सोडून बाकीचंच अनटॅप होतं, म्हणजे वापरलेलं कार्ड पुन्हा वापरता येतं! माझा जवळजवळ सगळा मॅना लँडमधून येत होता.

चार लँड काढून मॅना देणारे आर्टिफॅक्ट (वस्तूंची कार्डं) घातले. सोल रिंगचे दोन मॅना, आर्केन सिग्नेटचा एक. सेप्टरला दोन दिले की दर फेरीला एक उरतो. सेप्टर स्वतःही अनटॅप होतो, ही रचना मला फार आवडते. साठलेला मॅना ओतायला ‘वॉकिंग बॅलिस्टा’ हे मॅनाच्या बदल्यात मारा करणारं कार्ड घेतलं.