बायपासनंतर ड्रेनमध्ये दुधाळ पाणी आलं तर

बायपासनंतर छातीच्या ड्रेनमधलं (पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतलं) पाणी आधी लालसर असतं, मग पिवळट होत जातं. जेवण सुरू झाल्यावर ते दुधाळ दिसू लागलं तर लगेच सिस्टरला दाखवा. हा कायलोथोरॅक्स, म्हणजे चरबीयुक्त लसिका (लिम्फ) छातीत साचणं, असू शकतो. जेवणातली चरबी रक्तात पोचवणारी लसिकावाहिनी मानेच्या डाव्या मुळाशी शिरेला मिळते. बायपाससाठी वापरायची छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी वरपर्यंत सोडवताना या वाहिनीला किंवा तिच्या फांद्यांना क्वचित इजा होते आणि तो द्रव फुप्फुसाभोवती साचतो.

रुग्ण उपाशी असेल तर हेच पाणी नितळ पिवळं दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. पाण्यातले ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) 110 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असतील तर निदान जवळपास पक्कं. 50 च्या खाली असतील तर शक्यता कमी. मधल्या आकड्यांसाठी कायलोमायक्रॉनची (जेवणातली चरबी वाहून नेणाऱ्या कणांची) तपासणी लागते.

मग खरी लढाई स्वयंपाकघरात. चरबी पोटात गेली की गळती वाढते आणि फट बुजायला वेळ मिळत नाही, म्हणून फोडणीचं चमचाभर तेलसुद्धा नको. भात, बिनफोडणीचं तूर किंवा मूगडाळीचं वरण, उकडलेल्या भाज्या, फळं, साय पूर्ण काढलेल्या दुधाचं ताक, अंड्याचा फक्त पांढरा भाग चालतो. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, सोयाबीन बंद. टोन्ड दुधातही 3 टक्के चरबी असते, तेही नको.

आहारतज्ज्ञ एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या चरबीचं तेल) देतात. ते लसिकावाहिनीत न जाता थेट यकृताकडे जातं. सुरुवात 5 मिलिलिटरने करा, एकदम वाढवलं तर जुलाब होतात. ते तापवू नका, शिजलेल्या अन्नावर घाला. खोबरेल त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यातलं लॉरिक आम्ल बरंचसं लसिकेतूनच जातं.

ड्रेनच्या बाटलीतली पातळी रोज ठरावीक वेळी लिहा, वजनही. या पाण्यातून प्रथिनं, क्षार आणि लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जातात, म्हणून अशक्तपणा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आहाराने भागलं नाही तर तोंडाने खाणं थांबवून शिरेतून पोषण आणि गळती कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध देतात. मधुमेह असेल तर तेव्हा साखर वारंवार तपासावी लागते. रोज लिटरभराहून जास्त पाणी येत राहिलं किंवा दोन आठवड्यांत गळती थांबली नाही, तर वाहिनी बांधण्याचा किंवा आतून बंद करण्याचा विचार होतो.

ड्रेन निघाल्यावरही तूप-तेल डॉक्टरांनी सांगितल्यावरच, हळूहळू सुरू करा. घरी धाप वाढली किंवा आडवं झोपता येईना, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे करून घ्या.