बेखमीर भाकरीचा अर्थ सांगताना या चुका टाळा

बायबलच्या अभ्यासवर्गात बेखमीर भाकरीचा, म्हणजे खमीर न घालता भाजलेल्या भाकरीचा, विषय निघाला की 'खमीर म्हणजे पाप' एवढं सांगून पुढे जायची सवय आपल्याला लागली आहे. त्यामुळे ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांवर अन्याय होतो.

खमीर नेहमीच वाईट, असं धरणं

करिंथकरांस पहिल्या पत्रात (५:६-८) पौल दुष्टपणाचं जुनं खमीर काढायला सांगतो, हे खरं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातही माणसाच्या वाईट ओढीला पिठातलं खमीर म्हटलं आहे. पण मत्तय १३:३३ मध्ये येशू स्वर्गाच्या राज्यालाच खमिराची उपमा देतो. लेवीय २३:१७ नुसार सप्ताहांच्या सणाला अर्पण करायच्या दोन भाकरी खमीर घालूनच भाजायच्या असतात. संदर्भ न पाहता एकच अर्थ सगळीकडे चिकटवू नका.

कारण फक्त घाईचं, असं सांगणं

इस्राएली लोक मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, निघताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, हे निर्गम १२:३९ मध्ये आहे. पण बेखमीर भाकर खाण्याची आज्ञा त्याआधीच, १२:८ मध्ये, येऊन गेली आहे. अनुवाद १६:३ तिला दुःखाची भाकर म्हणतो. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री ज्यू घरांत हीच भाकर, म्हणजे मत्सा, दाखवून 'आमच्या पूर्वजांनी मिसरात खाल्लेली दुःखाची भाकर' असं म्हणतात आणि लगेच भुकेल्यांना जेवायला बोलावतात. गुलामीची भाकर तीच, सुटकेचीही तीच. ही दुहेरी खूण मला या सणाचा गाभा वाटते. घाईवर थांबलात तर ती हातची निसटते.

आपल्या भाकरीशी गल्लत

मराठी बायबलमधला 'भाकर' शब्द वाचून डोळ्यांसमोर ज्वारीची भाकरी येते. मत्सा मात्र गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाचच धान्यांची होते. यहुदी धर्मशास्त्रानुसार खमीर याच धान्यांत तयार होतं, म्हणून मत्साही यांचीच. पिठाला पाणी लागल्यावर ते नुसतं ठेवलं, तर १८ मिनिटांत खमीर धरलं असं मानतात. म्हणून मळणं, लाटणं, भाजणं न थांबता चालतं. मळून झाकून ठेवलेल्या कणकेची चपाती इथे चालत नाही. फुगू शकणारं पीठ जागरूक राहून फुगू न देणं, यातच त्या भाकरीची साधना आहे.

भोकांत ख्रिस्त दाखवणं

मत्सावरच्या रेघा आणि भोकं म्हणजे येशूच्या जखमा, असं काही ख्रिस्ती शिक्षक यशया ५३ मधल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाशी जोडून सांगतात. भोकं मुळात पीठ फुगू नये म्हणून पाडतात. ख्रिस्ती मनन म्हणून हे सांगा, पण ज्यू तसं मानतात असं सांगू नका.

सगळ्या चर्चमध्ये बेखमीरच, असं समजणं

रोमन कॅथलिक मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या उपासनेत) बेखमीर भाकर असते, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये खमिराची. त्यांच्या दृष्टीने फुगलेली भाकर पुनरुत्थित, जिवंत ख्रिस्ताची खूण आहे. पूर्व आणि पश्चिम चर्चच्या १०५४ च्या फाटाफुटीमागच्या वादांत हाही एक मुद्दा होता. आर्मेनियन चर्च पूर्वेकडचं असूनही बेखमीर भाकरच वापरतं.

एक व्यवहारातलीही गोष्ट. कोकणातून आलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची घरं मुंबई-ठाण्यात आजही आहेत. वल्हांडणाच्या दिवसांत अशा घरी जाणार असाल तर केक, बिस्किटं, पाव नेऊ नका. सणाआधी घरातलं सगळं खमीर त्यांनी बाहेर काढलेलं असतं. ताजी फळं न्या.