कोहेनची गाणी गायची, कोहेनसारखं नाही

माझी पट्टी काळी चार, म्हणजे माझा 'सा' हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. तरी पहिल्या कार्यक्रमात कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेनचं 'हॅलेलुया' मी त्याच्याच पट्टीत, त्याच्यासारखा आवाज खाली नेऊन गायला बसले. दुसऱ्या ओळीला सूर घशातच अडकला. कार्यक्रम संपल्यावर तबलेवाले काका एवढंच म्हणाले, "दादरा छान बसला हो." गाण्याबद्दल चकार शब्द नाही.

नव्यानं कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीनं, गाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच: मूळ गाणं पाठ झालं की ते बाजूला ठेवा आणि दुसऱ्यांनी त्याचं काय केलं ते ऐका. ट्रिब्यूट अल्बम, म्हणजे एकाची गाणी इतरांनी गाऊन केलेले अल्बम, त्यासाठीच असतात. कोहेनची गाणी या कामाला उत्तम, कारण मुळातच त्याचा आवाज मर्यादित. गाणं उभं राहतं ते शब्दांवर.

'हॅलेलुया' १९८४ च्या 'व्हेरियस पोझिशन्स'मधलं. अमेरिकेत कंपनीनं तो अल्बम काढायलाच नकार दिला होता. १९९१ मध्ये एका फ्रेंच मासिकानं 'आय अ‍ॅम युअर फॅन' हा ट्रिब्यूट अल्बम काढला. त्यासाठी वेल्सचा संगीतकार जॉन केलनं कोहेनकडे शब्द मागितले, तर फॅक्सवर पंधरा पानं कडवी आली! केलनं त्यातून आपल्याला हवी ती निवडली. मूळचा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि कोरस काढून टाकला, उरला फक्त पियानो. अमेरिकन गायक जेफ बकलीनं कोहेनचं नव्हे, केलचं हे गाणं धरलं आणि १९९४ मध्ये गिटारवर गायलं. आज जगभर स्पर्धांमधून जे ऐकू येतं, ते बहुतेक या दोघांचं.

हे तिन्ही एका बैठकीत ऐका. वहीत दोनच रकाने करा: काय गाळलं, काय ठेवलं. मी ठेक्याचे सहा ठोके मोजत बसले तेव्हा कुठे एक गंमत कळली. पहिल्या कडव्यात शब्दच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सांगतात. चौथी, पाचवी, मग मायनर, मग मेजर. आणि नाव घेतल्याबरोबर तीच कॉर्ड वाजते. तिथे हार्मोनियमवाल्यानं आपली हरकत (सुरांची छोटी नक्षी) घातली की ओळ गेलीच. बाकी कुठेही मोकळीक घ्या, तिथे नको.

१९९५ चा 'टॉवर ऑफ साँग' हा कोहेनच्या गाण्यांचा दुसरा ट्रिब्यूट अल्बम मला तितका भावला नाही. एल्टन जॉन, बोनो, स्टिंग, नावं मोठी, पण पुष्कळदा गायक ऐकू येतो, गाणं नाही. याउलट कोहेनच्या मागे कोरसमध्ये गायलेली जेनिफर वॉर्न्स. तिनं अख्खा अल्बम त्याच्या गाण्यांचा केला, आणि 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन' तर त्याच्याआधी तिनं बाजारात आणलं. कोहेनचं स्वतःचं १९८८ मध्ये आलं.

आपल्याकडे कायद्याच्या भरवशावर असं जमणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी खाली कव्हर काढायचं, तर मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. वर दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी, तीही आगाऊ. होतकरू गायकाला ते परवडत नाही, म्हणून कॉपीराइटच्या मालकाची लेखी परवानगी हाच सरळ रस्ता. यूट्यूबवर सगळेच टाकतात, हे उत्तर नव्हे. स्टेजवर गायचं असेल तर आयोजकानं आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा) परवाना घेतलाय का, हे मानधनाच्या आधी विचारा.

जाता जाता: कोहेन १९९९ मध्ये मुंबईत येऊन काही महिने रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला बसत होता. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातले माजी बडे अधिकारी, गिरगावच्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. हे कळल्यावर माझी भीड जरा चेपली.

पुढच्या कार्यक्रमात काळी चार घेतली, दोन कडवी गाळली आणि पहिलं कडवं नुसत्या हार्मोनियमवर गायले. काका तेवढा वेळ तबल्यावर हात ठेवून गप्प. नंतर म्हणाले, "मला मध्येच का बसवलंस?" पण या वेळी गाण्याबद्दल बोलले.