जुन्या दगडी भिंतीत अँकर टाकायचाय? मग ड्रिल उचलायच्या आधी हे वाचा

जुनी जाड दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बऱ्याचदा त्या दोन भिंती असतात, एक आतली एक बाहेरची, आणि मधे चुन्यामातीत टाकलेली दगडगोट्यांची भर. दोघींना बांधणारे आरपार दगड कमी असले की पाणी मुरून किंवा भूकंपाच्या हादऱ्याने बाहेरची बाजू पोट काढते. अँकर म्हणजे भिंतीत होल पाडून आत पक्की बसवलेली सळई, तिने या दोघींना एकमेकींशी बांधायचं, बस.

आधी ओळंबा सोडून फुगवटा मोजा, मग लहान हातोडीने दगड वाजवत जा, बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा, आत पोकळी असणार. पाणी मुरतंय ते पहिलं बंद करा. अँकर किती, कुठे, किती खोल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल, आणि दोन-तीन ट्रायल अँकर टाकून ते ओढून टेस्ट करायला लावाच.

साधं लोखंड अजिबात नको! गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये मूळ कारागिरांनी दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर शिसं ओतलं होतं, २०व्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत मात्र शिशाशिवाय लोखंड घातलं आणि संगमरवर तडकला, आता तिथे टायटॅनियम वापरतात. एरवी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस चांगलं.

ड्रिलचा हॅमर मोड बंद, डायमंड कोअर बिटनेच (दगडाचा गोल तुकडा कापून काढणारं पोकळ नळीसारखं बिट) होल पाडा, नाहीतर हादऱ्याने आतली भर सुटते. बिट थंड ठेवायचं पाणीही जपून, मातीची भर वाहून जाते. होलला आतल्या बाजूला किंचित उतार द्या. दगडाचा निघालेला गोल तुकडा नंबर टाकून जपून ठेवा, शेवटी त्याचाच पुढचा काप तोंडाशी बसवला की होल शोधून सापडत नाही.

सळईवर कापडी मोजा चढवून ती होलमध्ये सरकवा, नळी मोज्यात टोकापर्यंत घाला आणि आतून बाहेर ग्राउट, म्हणजे पातळ मसाला, भरत या. मोजा हळूहळू फुगून खाचाखोचांत बसतो, कापडातून थोडं दुधाळ पाणी पाझरतं, आणि ग्राउट भरीत वाहून जात नाही. ग्राउट हायड्रॉलिक चुन्याचा (पाण्याने घट्ट होणारा चुना) घ्या, सिमेंट फार कडक, शिवाय ओल आणि क्षार अडकवतं.

समोरासमोरच्या भिंती बांधायच्या तर मजल्याच्या लेव्हलला टाय रॉड, म्हणजे एका भिंतीतून दुसरीपर्यंत जाणारी लांब सळई, आणि दोन्ही टोकांना प्लेट. नट फक्त ढिलाई जाईपर्यंतच आवळा, जोर लावला तर प्लेटखालचा दगड चुरतो. १० मीटरचा ३१६ स्टेनलेसचा रॉड ३० अंश तापला की जवळपास पाच मिलिमीटर लांबतो, म्हणून थंडीत ताणलेला रॉड उन्हाळ्यात सैल वाटला तर लगेच पाना लावू नका, आधी तापमान लिहून ठेवा आणि इंजिनिअरला विचारा.