मराठवाड्यात विजेची मोटार चार्ज करताना: आधी अर्थिंग, मग अंतर

विजेवर चालणारी मोटार घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती किमतीची आणि एका चार्जमध्ये गाडी किती धावते याची. मराठवाड्यात राहणाऱ्या कुटुंबाने मात्र गाडीची नोंदणी करण्यापूर्वी चांगला वायरमन बोलावून घराची अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, तपासून घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. रोजचे चार्जिंग घरीच होणार असते, आणि अर्थिंग धड नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग सुरूच करत नाही.

आपल्याकडे ही अडचण वारंवार का येते, हे समजून घेतले पाहिजे. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, परंतु मार्च-एप्रिलपासून ती भेगाळते, अर्थिंगच्या रॉडभोवतीची तिची पकड सुटते आणि जमिनीचा विद्युतरोध वाढतो. मुरमाड किंवा खडकाळ जागेत तर ओल टिकतच नाही. त्यामुळे दिवाळीत सुरळीत चालणारा चार्जर मे महिन्यात अडू लागतो. खड्ड्यात कोळसा व मीठ घालून केलेल्या जुन्या पद्धतीच्या अर्थिंगला उन्हाळाभर ठरावीक दिवसांनी पाणी द्यावे, आणि नवीन काम करायचेच असेल तर केमिकल अर्थिंग (रॉडभोवती ओल धरणारी पावडर भरून केलेली) करून चार्जरसाठी स्वतंत्र तार ओढावी. तपासणी केवळ टेस्ट लॅम्प लावून करू नये, कारण कमकुवत अर्थिंगवरही दिवा लागतो. मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील विजेचा दाब (व्होल्टेज) मोजावा. घरातील पाण्याची मोटार, गिझर चालू असताना तो दोन-तीन व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, दहाच्या पुढे जात असेल तर काम नव्याने करावे लागेल.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. लाल दिवा जावा म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देतात. चार्जर फसतो आणि चार्जिंग सुरू होते, परंतु पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते, आणि ओल्या अंगणात त्या गाडीला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. असा उपाय सुचवणाऱ्या माणसाकडून पुढचे कोणतेही काम करून घेऊ नये.

गाडीबरोबर मिळणारा चार्जर १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि साधारण ३.३ किलोवॅट वीज घेतो. त्यासाठी मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) असावी. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो. त्याला किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर लागते आणि अंतर जास्त असल्यास त्याहून जाड. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नये, कारण कित्येक तास सलग पूर्ण भाराचा प्रवाह वाहिल्याने त्याच्या पिना वितळतात. ही वायर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनमध्येही येता कामा नये. अनेक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो, तेव्हा महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधीच करावा, ७.२ किलोवॅटच्या चार्जरसाठी घरचा भार धरून बहुधा थ्री फेज जोडणी घ्यावी लागते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ४० युनिट (किलोवॅट-तास) क्षमतेची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची म्हणजे २४ युनिट, आणि वाया जाणारी वीज धरून सुमारे २७ युनिट लागतात. लहान चार्जरवर त्याला आठ-सव्वाआठ तास आणि मोठ्या चार्जरवर पावणेचार तास पुरतात. एका युनिटमध्ये गाडी सहा-सात किलोमीटर जाते असे धरले तर तेवढ्यात दीडशे किलोमीटरची सोय होते. गावातल्या गावात फिरणाऱ्याला लहान चार्जर पुरेसा आहे. मात्र जेथे लाईट वारंवार जाते किंवा डीपीवर भार वाढून रात्री दाब पडतो, तेथे मिळालेल्या चार-पाच तासांत काम उरकणारा मोठा चार्जर उपयोगी ठरतो, पण त्याला पुरेसा दाब मिळतो का हे आधी मोजून पाहावे. दाब कमी-जास्त झाल्यास जोडणी तोडणारे उपकरण दोन्हींसाठी लावावे.

शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतावरच्या घरात, राहणाऱ्यांनी कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नये. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. आखाड्यावर घरगुती जोडणी स्वतंत्र घ्यावी.

बिलाचा विचार करताना लक्षात ठेवावे की घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढत जातो. गाडीचे महिन्याचे दीड-दोनशे युनिट त्याच मीटरवर आले की घरातील वापरही वरच्या टप्प्यात ढकलला जातो. ज्यांची धाव जास्त आहे त्यांनी वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेऊन दोन्ही हिशेब ताडून पाहावेत. छतावर सौर पॅनेल बसवायचे असल्यास पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि आपल्याकडच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

उन्हाळ्यात दुपारी गाडी सावलीत लावावी. तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला न लावता तासभर थंड होऊ द्यावी आणि शक्यतो पहाटे चार्ज करावी. रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरणे बहुतेक बॅटऱ्यांना मानवते. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या मात्र अधूनमधून पूर्ण भराव्या लागतात, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जिंग थांबवून प्लग काढून ठेवावा.

प्रवासाचे नियोजन वेगळ्या पद्धतीने करावे लागते. महामार्गावरचे फास्ट चार्जर बॅटरीला थेट डीसी वीज देतात आणि आजच्या बहुतेक मोटारींना सीसीएस-२ या प्रकारची गन (चार्जरच्या वायरचा प्लग) बसते. पोहोचण्याचे ठिकाण एक चार्जर धरून ठरवू नये. तो बंद निघाला तर पुढच्या चार्जरपर्यंत जाता येईल एवढी बॅटरी हाती असावी. छत्रपती संभाजीनगरहून धाराशिवकडे निघालेल्याने सुमारे १३० किलोमीटरवरच्या बीडमध्ये, बॅटरी निम्मी शिल्लक असली तरी, भरून घ्यावे, कारण लगेच मांजरसुंब्याचा घाट चढायचा असतो. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढतानाही किलोमीटरच्या मानाने खर्च बराच जास्त होतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा असली तरी हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८०-९० च्या वेगाने जाणाऱ्याची गाडी तेवढ्याच बॅटरीत कितीतरी लांब जाते.

निघण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांची अॅप घेऊन त्यांच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे भरून ठेवावेत, कारण रस्त्यात मोबाइलला रेंज नसली की पैसे भरणेच अडते. अॅपमध्ये चार्जर चालू दिसला तरी त्या पंपावर किंवा हॉटेलवर फोन करून वीज आहे का हे विचारावे. दोन गनांच्या ६० किलोवॅटच्या चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बहुधा वीज निम्मी वाटली जाते, हे वेळ धरताना विसरू नये. बिलात १८ टक्के जीएसटी लागतो. ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग घटतो, तेव्हा तेथे थांबून राहण्यापेक्षा मागच्या गाडीला जागा करून द्यावी.

माहूर-किनवट किंवा भूम-परांडा अशा आडबाजूला जाताना फास्ट चार्जर मिळेलच असे गृहीत धरू नये. मुक्काम असेल तर लॉजच्या मालकाची आधी परवानगी घेऊन, किती युनिट लागतील ते सांगून आणि त्याचे पैसे ठरवून १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावावी. तेथील अर्थिंगही कच्ची निघू शकते, म्हणून खोली घेण्यापूर्वीच चार्जर लावून हिरवा दिवा येतो का ते पाहावे.