'रीलाँच' दिसलं की दाबा

सावद्यात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. केळीच्या पीकविम्याचे दिवस आले की क्रोममध्ये तीस-तीस टॅब उघडे, आणि कोपऱ्यातल्या 'अपडेट'कडे मी आठवडाभर काणाडोळा केलेला. एका आबांनी बोट ठेवलं, "हाई काय शे?" लाजच वाटली.

वेब पानांमधला जावास्क्रिप्ट कोड चालवणारं क्रोमचं इंजिन म्हणजे व्ही८, लिहिलंय सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत. त्यात मेमरीचा हिशोब चुकला की गाळा सोडून गेलेल्याकडे चावी राहिल्यासारखं होतं: नवा माल भरला की जुना भाडेकरू आत. क्रोम ज्यावर बेतलंय त्या क्रोमियम प्रकल्पातल्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीचेच, हे त्या प्रकल्पानेच 2020 मध्ये सांगितलं. व्ही८ची आणखी एक खोड. वेगासाठी त्याचा जिट कंपायलर (पान चालू असतानाच कोड मशीनच्या भाषेत बदलणारा भाग) अंदाज बांधतो, 'इथे नेहमी आकडाच येतो'. तपासणी चुकीने गाळली गेली आणि आकड्याऐवजी ऑब्जेक्ट, म्हणजे वेगळ्याच प्रकारची माहिती, आला, की चोराला फट मिळते. फसवं पान नुसतं उघडलं तरी पुरे.

अशा फटी बुजवायलाच अपडेट येतं. तर, आधी फॉर्म सेव्ह करा. तीन टिंबं, मदत, 'गुगल क्रोमबद्दल'. अपडेट आपोआप उतरतं, पण रीलाँच होईपर्यंत, म्हणजे क्रोम बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत, जुनंच इंजिन चालतं. टॅब परत येतात. इन्कॉग्निटो म्हणजे खासगी विंडोतले येत नाहीत, मी एकदा अख्खा सातबारा घालवलाय.

विंडोज 7 वर क्रोम 109 वरच अडकलंय. त्या मशीनवर बँक नकोच, माझं मी प्रिंटरला जुंपलंय.

जास्त धास्ती असेल तर साइट सेटिंग्जमध्ये जावास्क्रिप्ट ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठीचं ते अंदाज बांधणं, बंद करता येतं. जड साइट थोड्या रेंगाळतील. आयफोनवाल्यांना त्यासाठी लॉकडाउन मोड ही कडक सुरक्षेची सेटिंग आहे.