मतदारांच्या नाराजीवरून अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज कसा बांधावा

देश चुकीच्या दिशेने चालला आहे, असे बहुसंख्य अमेरिकी मतदार सांगू लागले की सत्ताधारी पक्ष हरणार, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. देशाच्या वाटचालीबद्दल समाधानी असणाऱ्यांचे प्रमाण गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत जानेवारी २००४ नंतर कधीही निम्म्याच्या वर गेलेले नाही; तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि २०१२ मध्ये बराक ओबामा पुन्हा निवडून आले. नाराजी तिथे कायमचीच असल्यामुळे ती आहे की नाही, एवढे विचारून हाती काही लागत नाही. ती कोणावर आहे, कशामुळे आहे, कोणत्या रूपाने मतपेटीपर्यंत पोहोचेल आणि कोणत्या राज्यात पोहोचेल, या क्रमाने शोध घ्यावा.

नाराजी कोणावर आहे हे समजण्यासाठी विद्यमान अध्यक्षांच्या कामगिरीबद्दलचे जनमत पाहावे, आणि तेही निवडणुकीच्या वर्षाच्या उत्तरार्धातले. आखाती युद्धानंतर, १९९१ च्या मार्चच्या सुमारास, थोरल्या बुश (जॉर्ज डब्ल्यू. यांचे वडील) यांच्या कामाला सुमारे ८९ टक्के पसंती होती. पुढच्याच वर्षी ते हरले. पसंती चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकली असेल, तर उमेदवार बदलूनही पक्षाची सहसा सुटका होत नाही. जुलै २०२४ मध्ये जो बायडेन यांनी माघार घेतली, पण त्यांच्या कारभारावरचा राग कमला हॅरिस यांच्या वाट्याला आला. याच्या जोडीला सत्ताधारी पक्षाच्या प्रायमरींकडे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत मतदानाकडे, लक्ष ठेवावे. १९६८, १९७६, १९८० आणि १९९२ या चारही वर्षी विद्यमान अध्यक्षाला स्वपक्षातूनच जोरदार आव्हान मिळाले आणि चारही वेळा नोव्हेंबरमध्ये त्या पक्षाने अध्यक्षपद गमावले. मतचाचण्यांपेक्षा हे लक्षण मला अधिक विश्वासाचे वाटते, कारण ते प्रत्यक्ष मतदानातून दिसते.

कारणांमध्ये महागाई बहुधा सर्वांत वर असते, पण तिचा आकडा वाचताना गफलत होते. महागाईचा वार्षिक दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेला होता आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आला होता. अर्थतज्ज्ञांच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. मतदार मात्र दर पाहत नव्हता, किंमत पाहत होता. दर उतरला म्हणजे भाव वाढण्याचा वेग मंदावला, भाव खाली आले नाहीत; किराणा, घरभाडे, गाडीचा विमा हे सारे चार वर्षांपूर्वीपेक्षा महागच राहिले आणि एकूण किमती जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढलेल्या होत्या. म्हणून चालू दरासोबत अध्यक्षाच्या शपथविधीपासून किमती एकूण किती वाढल्या, हेही मांडावे. बेरोजगारीच्या बाबतीत हिशेब निराळा असतो, तिथे दिशा महत्त्वाची ठरते. २००९ च्या अखेरीस ती दहा टक्क्यांवर होती, २०१२ च्या मतदानाच्या वेळी आठ टक्क्यांच्या जरा खाली आली होती, आणि ओबामांना तेवढी उतरण पुरली.

आता सर्वांत अवघड भाग. नाराज मतदारापुढे तीन वाटा असतात: विरोधी उमेदवाराला मत देणे, तिसऱ्याला देणे किंवा घरी बसणे. या तिन्हींचे वजन सारखे नसते. एक समर्थक थेट विरोधकाकडे गेला तर दोघांमधला फरक दोन मतांनी बदलतो, तो घरी बसला किंवा तिसऱ्याकडे गेला तर एकाच मताने. मिशिगनमधील डिअरबॉर्न या अरब-अमेरिकी वस्तीच्या शहरात हे स्पष्ट दिसले. गाझातील युद्धाबाबतच्या रोषातून फेब्रुवारी २०२४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत राज्यभरातील एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायावर शिक्का मारला होता. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६ टक्के आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मते पडली. चार वर्षांपूर्वी याच शहरात बायडेन यांना दोन-तृतीयांशांहून अधिक मते होती. ट्रम्प यांनी मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी जिंकले, त्यामुळे एकट्या या शहराने राज्य फिरवले असे म्हणता येत नाही. पण एकाच रागाला किती फाटे फुटतात, हे इथे दिसते. दोन्ही उमेदवार नापसंत असलेल्यांचा गट वेगळा काढून पाहावा. २०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत असे १८ टक्के मतदार होते आणि त्यांच्यात ट्रम्प यांनी मोठी आघाडी घेतली होती. तिसऱ्या उमेदवाराबद्दल इतकेच लक्षात ठेवावे, की १९९२ मध्ये रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळूनही एकही इलेक्टोरल मत मिळाले नाही.

कारण निकाल राज्यनिहाय लागतो. अध्यक्ष निवडला जातो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांनी; अशा एकूण ५३८ मतांपैकी २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्य आपली सगळी मते तिथल्या विजेत्याला देते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक पडली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून ८० हजारांहूनही कमी मतांनी गेली आणि अध्यक्षपद हातचे गेले. कॅलिफोर्नियातील संतापाने किंवा वायोमिंगमधील उत्साहाने निकाल हलत नाही, कारण तिथला कौल आधीच ठरलेला असतो. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात अटीतटीच्या राज्यांकडे सर्वांचे लक्ष होते. त्यांची ९३ इलेक्टोरल मते पूर्णपणे ट्रम्प यांच्याकडे गेली.

या राज्यांतील मतचाचण्या एकेकट्या वाचू नयेत, त्यांची सरासरी घ्यावी. २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर आयोवातील एका नामांकित चाचणीने हॅरिस यांना तीन टक्क्यांची आघाडी दाखवली. ट्रम्प तिथे तेरा टक्क्यांनी जिंकले. हजार जणांच्या चाचणीत चूक तीन टक्क्यांपर्यंत असू शकते असे सांगितले जाते, परंतु ते एका उमेदवाराच्या आकड्याबाबत असते. आघाडीच्या बाबतीत ती जवळपास दुप्पट होते. नमुना मोठा असला म्हणजे तो बरोबर असतो असेही नाही. १९३६ मध्ये साप्ताहिक ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक पत्रे मोजून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे जाहीर केले, आणि रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. २०१६ मध्ये अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी नमुन्यातील पदवीधरांचे जादा प्रमाण दुरुस्त केले नव्हते आणि नेमका बिगर-पदवीधर मतदारच नाराज होता. अशी चूक एका राज्यापुरती राहत नाही, सारख्या लोकवस्तीच्या सगळ्या राज्यांत एकाच बाजूला झुकते. म्हणून सातही राज्यांचे आकडे एकदा तीन टक्क्यांनी इकडे आणि एकदा तिकडे सरकवून बेरीज करावी. दोन्ही वेळा एकच उमेदवार जिंकत असेल तर ठाम बोलावे. विजेता बदलत असेल तर शक्यता टक्केवारीत सांगावी, आणि तीस टक्के शक्यता म्हणजे ती गोष्ट घडणारच नाही असे मानू नये.

मतमोजणीच्या रात्री राज्याची एकूण आघाडी पाहून अंदाज बदलू नये. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत; २०२० मध्ये तिथे सुरुवातीला ट्रम्प बरेच पुढे दिसत होते आणि बायडेन यांचा विजय चार दिवसांनी जाहीर झाला. त्याऐवजी जिथली मोजणी पूर्ण होत आली आहे अशी काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) निवडून तिची मागच्या निवडणुकीशी तुलना करावी. २०२४ मध्ये व्हर्जिनियातील लाउडन काउंटीचे आकडे लवकर आले: बायडेन यांची तिथली पंचवीस टक्क्यांची आघाडी हॅरिस यांना सोळा-सतरा टक्क्यांपर्यंतच टिकवता आली होती, आणि निर्णायक राज्यांची मोजणी अर्धवट असतानाच नाराजी कोणत्या बाजूला वळली आहे हे त्यावरून कळत होते.